लहान स्वयंपाकघरासाठी नवा फ्रीज : लिटरच्या आधी जागा आणि उष्णता मोजा

जयपूर : राजस्थानच्या राजधानीत मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि उष्णतेच्या लाटेत पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत फ्रीज बंद पडला, तर सकाळचे दूध आणि दुपारची भाजी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर इन्सुलिन कोठे ठेवायचे हा प्रश्न त्याहून तातडीचा ठरतो. त्यामुळे जुन्या फ्रीजच्या जागी नवा घेण्याचा निर्णय पुष्कळ घरांत एका संध्याकाळी, घाईत आणि विक्रेत्याच्या शिफारशीवर होतो. घाईत घेतलेली ही वस्तू पुढे दहा-बारा वर्षे स्वयंपाकघराचा एक कोपरा आणि वीजबिलाचा एक हिस्सा व्यापून राहते.

दुकानातील बोलणे साधारणपणे लिटर, दारे आणि तारे या क्रमाने चालते. स्वयंपाकघर लहान असेल आणि शहर जयपूरसारखे तापणारे असेल, तर हा क्रम उलटा करणे हिताचे आहे. फ्रीज जेथे उभा राहणार ती जागा आधी मोजावी, त्यातून बाहेर पडणारी उष्णता कोठे जाईल ते पाहावे, घरात काय आणि किती दिवस साठवले जाते याचा विचार करावा आणि लिटरचा आकडा शेवटी ठरवावा.

जुना खरोखरच गेला आहे का?

फ्रीज पुरेसा थंड होत नाही, एवढ्या कारणासाठी तो बदलण्याची गरज नसते. दाराची रबरी पट्टी सैल झाली असेल, तर आतला गारवा सतत बाहेर पडतो आणि कंप्रेसर थांबत नाही. दार बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरावी. ती सहज ओढून निघाली, तर रबर बदलावे. थर्मोस्टॅट आणि कंप्रेसरचा रिले हेही तुलनेने स्वस्तात बदलता येणारे भाग आहेत. दहा-बारा वर्षांच्या फ्रीजचा कंप्रेसर गेला किंवा आतल्या नळीतून वायू वारंवार गळू लागला, तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालणे शहाणपणाचे नाही. ‘गॅस भरून देतो’ या वाक्याबाबत सावध राहावे. फ्रीजची वायुप्रणाली पूर्ण बंदिस्त असते; पेट्रोलसारखा त्यातला वायू वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला वायू पुन्हा निघून जाणार.

जागा : टेप घेऊन पाच मापे

जयपूरचा परकोटा, म्हणजे १७२७ मध्ये सवाई जयसिंह दुसरे यांनी वसवलेले तटबंदीच्या आतील शहर, २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याचे रस्ते प्रशस्त आणि काटकोनात आखलेले आहेत. तथापि त्या रस्त्यांमागच्या जुन्या हवेल्या वाटण्या होत होत लहान घरांत विभागल्या गेल्या. तेथील स्वयंपाकघर पुष्कळदा मूळच्या एखाद्या खोलीचा वा पडवीचा भाग असते आणि तेथपर्यंत जाणारा जिना अरुंद व वळणाचा असतो. मानसरोवरसारख्या, राजस्थान गृहनिर्माण मंडळाने उभारलेल्या वसाहतींतील छोट्या घरांत अडचण निराळी असते : ओटा, सिंक आणि गॅस यांच्यात फ्रीजसाठी एकच कोपरा उरतो. मुंबईच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांनी संसार केला, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मोजायचे ते फक्त कोनाड्याची रुंदी नव्हे. घराचे मुख्य दार, जिन्याचे सर्वांत अरुंद वळण किंवा लिफ्टचे दार, स्वयंपाकघराची चौकट, प्रत्यक्ष उभा करण्याची जागा आणि फ्रीजचे दार पूर्ण उघडल्यावर समोर उरणारे अंतर, अशी पाच मापे कागदावर लिहून दुकानात न्यावीत. यांतील शेवटचे माप सर्वाधिक विसरले जाते. भाजीचा खालचा खण बाहेर ओढण्यासाठी दार काटकोनाहून थोडे जास्त उघडावे लागते. फ्रीज भिंतीला खेटून, बिजागरीची बाजू भिंतीकडे करून ठेवला, तर दार अर्ध्यात अडते. खण निघत नाही आणि पुढची दहा वर्षे पालेभाजी तिरकी करून काढावी लागते. दार डावीकडे उघडणारे की उजवीकडे, ते दुसऱ्या बाजूला बसवता येते का, हे विकत घेण्याआधीच विचारावे. एका दाराच्या पुष्कळ मॉडेलांत ही सोय नसते.

मापांचा अंदाज यावा म्हणून : १८० ते २०० लिटरचा एका दाराचा फ्रीज साधारण ५३ ते ५५ सेंटीमीटर रुंद आणि ११५ ते १३५ सेंटीमीटर उंच असतो. २४० ते २६० लिटरचा दोन दारांचा फ्रीज रुंदीला ५५ ते ६० सेंटीमीटर, पण उंचीला दीड मीटरच्या घरात जातो. म्हणजे जमिनीवरील जागेत फरक थोडा, उंचीत अधिक. वर माळा किंवा भिंतीतील कपाट असेल, तर हीच उंची नडते. तसे नसेल, तर चार-पाच सेंटीमीटर अधिक रुंदीत पन्नास-साठ लिटर जास्तीचे मिळतात. एका दाराच्या काही मॉडेलांत खाली कांदे-बटाट्यांचा, थंड न होणारा खण असतो. लहान घरात तो उपयोगी पडतो. त्यामुळे वाढणारी उंची मात्र मापात धरावी.

उष्णता : फ्रीजला श्वास हवा

फ्रीज थंडी निर्माण करत नाही. आतली उष्णता तो बाहेर टाकतो, आणि त्यासाठी वापरलेल्या विजेचीही उष्णता होऊन त्याच खोलीत येते. फ्रीजच्या निवडीतील हा सर्वांत महत्त्वाचा आणि दुकानात सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. पूर्वीच्या फ्रीजच्या पाठीमागे काळी जाळी दिसे. उष्णता तेथून बाहेर पडे आणि ती जाळी भिंतीपासून दूर ठेवायची असते हे घरातल्या सर्वांना ठाऊक असे. आताच्या बहुतेक मॉडेलांत ती नळी पत्र्याच्या आत, अनेकदा दोन्ही बाजूंच्या भिंतींत दडवलेली असते. बाजू गरम लागतात म्हणून नवा फ्रीज बिघडला, अशी तक्रार पुष्कळ घरांत होते. तो बिघाड नसतो. उष्णता बाहेर पडण्याचा मार्गच तो आहे.

या बदलाचा परिणाम असा की पाठीमागे जागा सोडून भागत नाही, दोन्ही बाजूंनाही ती सोडावी लागते. नेमके अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. साधारणपणे मागे आणि बाजूंना ५ ते १० सेंटीमीटर आणि वर त्याहून काहीसे अधिक, असे ते असते. कोनाडा ६५ सेंटीमीटर रुंद असेल, तर दोन्हीकडे पाच-पाच सेंटीमीटर वगळता फ्रीजला ५५ सेंटीमीटर उरतात. ६३ सेंटीमीटरचा फ्रीज त्यात ‘बसतो’, पण तो तेथे गुदमरतो : कंप्रेसर अधिक वेळ चालतो, वीज अधिक जाते आणि ऐन मेमध्ये आतले तापमान खाली येत नाही. गॅसच्या शेगडीशेजारी किंवा दुपारचे ऊन येणाऱ्या पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवलेल्या फ्रीजची गतही हीच. स्वयंपाकघरात अशी एकही जागा नसेल, तर फ्रीज बाहेरच्या खोलीत सावलीच्या भिंतीशी ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. दिवाणखान्यातला फ्रीज पूर्वी प्रतिष्ठेचा समजला जाई. आता त्याला तांत्रिक कारणही आहे, एवढेच.

जयपुरात आणखी दोन गोष्टींची भर पडते. उन्हाळ्यातील आँधी, म्हणजे धुळीची वादळे, फ्रीजच्या मागच्या भागावर आणि जाळीवर धुळीचा थर चढवतात. हा थर उष्णता अडवतो. जाळी उघडी असलेल्या फ्रीजची ती वर्षातून दोनदा, प्लग काढून, मऊ ब्रशने झाडावी. दुसरी गोष्ट पाण्याच्या कूलरची. कूलरमुळे खोलीतील हवा दमट होते, ती दर वेळी दार उघडताना आत शिरते आणि एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर भराभर जमतो. अशा घरात फ्रीज कूलरच्या झोतापासून दूर असावा.

फ्रीज किती उष्ण वातावरणात काम करण्यासाठी बनवला आहे, याचेही आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. पाठीमागच्या किंवा आतल्या पट्टीवर ते रोमन अक्षरांत दिलेले असते : ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८ अंश आणि ‘टी’ म्हणजे १६ ते ४३ अंश. जयपूर, बिकानेर, नागपूर, चंद्रपूर किंवा जळगाव येथे ‘टी’ वर्गापेक्षा कमी काही घेऊ नये.

वर्गीकरणाची खालची मर्यादाही वाचण्यासारखी आहे. जानेवारीत जयपूरचे सरासरी किमान तापमान ८ अंशांच्या आसपास उतरते आणि बिनहीटरच्या स्वयंपाकघरात पहाटे पारा १६ अंशांच्या खाली असतो. ज्या फ्रीजमध्ये एकच थर्मोस्टॅट असतो आणि तो खालच्या कप्प्याचे तापमान पाहून कंप्रेसर चालवतो, तेथे थंडीत कंप्रेसर फार कमी वेळ चालतो. खालचा कप्पा ठीक राहतो, पण फ्रीजर पुरेसा गोठत नाही. हिवाळ्यात आइस्क्रीम मऊ पडण्याचे हे एक कारण आहे. दोन्ही कप्प्यांचे तापमान स्वतंत्रपणे नियंत्रित करणाऱ्या मॉडेलांत ही अडचण कमी होते.

एक दार की दोन : फ्रीजरचे वेगळे तारे

एका दाराचे फ्रीज बहुधा ‘डायरेक्ट कूल’ पद्धतीचे असतात. त्यांत पंखा नसतो, थंड हवा आपोआप खाली उतरते, वीज कमी लागते, किंमतही कमी. पण फ्रीजरमध्ये बर्फ साचतो आणि तो ठरावीक काळाने वितळवावा लागतो. हा बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नये. आतल्या नळीला भोक पडले, तर फ्रीज कामातून जातो. दोन दारांचे ‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रीज पंख्याने हवा फिरवतात आणि साचलेला बर्फ स्वतःच वितळवतात. त्यासाठी थोडी वीज जास्त लागते, आणि फिरत्या हवेमुळे उघडी ठेवलेली पोळी किंवा पालेभाजी लवकर सुकते. या पद्धतीत झाकणाचे डबे अनिवार्य समजावेत.

खरा निवाडा फ्रीजरवर व्हावा. फ्रीजरची क्षमता दाखवणारी ताऱ्यांची एक स्वतंत्र खूण असते आणि तिचा वीजबचतीच्या ताऱ्यांशी काही संबंध नाही. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस. हिवाळ्यात स्वस्त झालेले मटार सोलून पुढच्या काही महिन्यांसाठी ठेवायचे असतील, आंब्याचा रस वा खवलेले ओले खोबरे साठवायचे असेल, तर उणे १८ अंशांचा फ्रीजर लागतो. बर्फाचा ट्रे आणि दुधाची एखादी पिशवी एवढ्यासाठी दोन दारांचा फ्रीज घेणे म्हणजे रिकाम्या खोलीचे भाडे भरणे होय. दोन-तीन माणसांच्या, रोज ताजी भाजी आणणाऱ्या घराला १८० ते २०० लिटर बहुधा पुरतात. चार माणसे, आठवड्याची एकदाच खरेदी आणि गोठवण्याची सवय असेल, तर २४० लिटरच्या पुढे पाहावे. जाहिरातीतील एकूण लिटर आणि प्रत्यक्ष वापरता येणारे लिटर यांत फरक असतो. विचारायचे ते दुसरे.

दुकानात कप्पे मोकळे असतात, म्हणून मोठे वाटतात. घरातील सर्वांत मोठे पातेले किंवा कणकेचा डबा यांची उंची लिहून न्यावी आणि काचेचे कप्पे वर-खाली करता येतात का, हे हाताने करून पाहावे. श्रावणातील तीजेला जयपुरात घरोघरी येणारे घेवर ज्या रुंद, चपट्या खोक्यात मिळते, ते अरुंद कप्प्यात आडवे जात नाही, ही बारीक गोष्ट असली तरी येथील गृहिणींना ती पक्की माहीत असते.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि ते गोठले तर निरुपयोगी होते. एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजरलगतचा कप्पा अतिथंड आणि दाराचा कप्पा उबदार असतो. औषधासाठी मधला कप्पाच योग्य. फ्रीजमध्ये ठेवण्याचा साधा तापमापक स्वस्तात मिळतो. अन्नासाठी आतले तापमान ५ अंशांच्या खाली असावे.

वीजबचतीचे तारे कसे वाचावेत

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने तारांकित लेबलची योजना २००६ मध्ये सुरू केली. फ्रॉस्ट फ्री फ्रीजसाठी हे लेबल जानेवारी २०१० पासून सक्तीचे झाले. पुढे डायरेक्ट कूल फ्रीजही त्या कक्षेत आले. निकष वेळोवेळी कडक केले जातात. जानेवारी २०२३ मध्ये असा बदल झाला. जुन्या निकषांवर पाच तारे मिळवणारे मॉडेल नव्या निकषांवर एक-दोन तारे गमावू शकते. म्हणून सवलतीत विकल्या जाणाऱ्या जुन्या साठ्यातील फ्रीजच्या लेबलवर ताऱ्यांइतकाच वैधतेचा काळ आणि उत्पादनाचे वर्ष पाहणे आवश्यक आहे.

तारे फ्रीजचा प्रकार आणि आकार लक्षात घेऊन दिले जातात. त्यामुळे मोठ्या फ्रीजचे चार तारे आणि लहान फ्रीजचे तीन तारे यांची थेट तुलना करता येत नाही. चार ताऱ्यांचा मोठा फ्रीज अधिक वीज घेत असू शकतो. लेबलवरील वार्षिक युनिटचा आकडा मात्र सरळ तुलनेचा आहे. समजा, एका मॉडेलवर वर्षाला १५० आणि दुसऱ्यावर २२० युनिट लिहिले आहेत. फरक ७० युनिटांचा. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला ५६० रुपये वाचतील. कमी वीज घेणाऱ्या मॉडेलसाठी ३,००० रुपये जास्त मोजावे लागत असतील, तर ते वसूल होण्यास पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. फ्रीज दहा वर्षे चालणार असेल, तर सौदा फायद्याचा आहे. जास्तीची रक्कम ७,००० असेल, तर तो तोट्याकडे झुकतो. येथे दर धरताना सरासरी दर न धरता आपल्या बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याचा दर धरावा, कारण वाचणारे युनिट त्याच टप्प्यातून कमी होतात. महावितरणच्या ग्राहकांना १०० युनिटांच्या पुढे गेल्यावर दर किती चढतो, याचा अनुभव आहेच.

लेबलवरील आकडा प्रयोगशाळेतील, ठरलेल्या तापमानाला आणि बंद दाराने घेतलेला असतो. तापलेल्या स्वयंपाकघरात, दिवसातून तीस-चाळीस वेळा दार उघडणाऱ्या घरात तो ओलांडला जाणार, हे गृहीत धरावे.

‘इन्व्हर्टर’ या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. वीज गेल्यावर फ्रीज चालू ठेवणारी ती बॅटरी नव्हे. गरजेनुसार कमी-अधिक वेगाने चालणारा कंप्रेसर असा त्याचा अर्थ आहे. तो वीज वाचवतो आणि आवाज कमी करतो. त्यावरील ‘दहा वर्षांची वॉरंटी’ बहुधा फक्त कंप्रेसरची असते. संपूर्ण फ्रीजची वॉरंटी साधारण एक वर्षाची असते आणि त्याला चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड कोणत्या मुदतीत मोडते, हे लेखी विचारून घ्यावे. दाराबाहेर पडद्यासारखा फलक, पाण्याचा नळ, मोबाइलशी जोडणी यांवर पैसे घालण्याऐवजी त्याच रकमेत अधिक कार्यक्षम मॉडेल मिळते का, हे आधी पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये एअर कंडिशनर आणि मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. फ्रीजवर तो जुलै २०१८ पासूनच १८ टक्के आहे. करकपातीच्या नावाने फ्रीजवर दिली जाणारी सवलत ही विक्रेत्याची स्वतःची सवलत असते, असे समजावे.

नवा वायू, जुना डबा

भारतात क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा वापर माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने संपवण्यात आला. त्यांच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण तापमानवाढीच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून प्रभावी आहे. आताच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. त्याचा हा दोष नगण्य आहे. मात्र तो ज्वलनशील आहे. फ्रीजमध्ये तो काही दहा ग्रॅमच असतो, त्यामुळे रोजच्या वापरात भय नाही. परंतु त्याची दुरुस्ती रस्त्यावरच्या कोणाही कारागिराकडून, उघड्या ज्योतीने करून घेऊ नये.

जुना फ्रीज भंगारवाल्याला दिला, तर तांब्यासाठी नळी कापली जाते आणि वायू हवेत जातो. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार आयुष्य संपलेल्या फ्रीजच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. ‘एक्स्चेंज’मध्ये जुना फ्रीज देताना तो अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणार का, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. जुना फ्रीज गच्चीवर वा व्हरांड्यात ‘जास्तीचा’ म्हणून चालू ठेवण्याचा मोह टाळावा. नव्याने वाचवलेली वीज तो खाऊन टाकतो. तो काही दिवस घरात पडून राहणार असेल, तर दार काढून ठेवावे, म्हणजे खेळता खेळता लहान मूल आत अडकण्याचा धोका राहत नाही.

बिल, वॉरंटी कार्ड आणि बसवणीची तारीख जपून ठेवावी. विक्रेता किंवा उत्पादक दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

फ्रीज उभ्यानेच आणावा. जिन्याच्या वळणावर तो आडवा करावा लागला, तर कंप्रेसरमधील तेल नळ्यांत शिरलेले असू शकते. जागेवर सरळ उभा करून पुस्तिकेत सांगितलेले तास, निदान तीन-चार तास, थांबावे आणि मगच वीज जोडावी. पहिल्या दिवशी तो रिकामा चालवून तापमापकावर ५ अंशांखालचा आकडा दिसल्यानंतर दूध आत ठेवावे.